माझ्या चहातली पुडी

माझा पुढचा एक दात अर्धा तुटलेला आहे. तो फिटने तुटला नाही, चमच्याने तुटला. आणि तो चमचा माझ्या तोंडात कोंबणारे गृहस्थ केमिस्ट्रीत पीएच.डी. आहेत.

हे आधीच सांगून टाकते, कारण आजारपणावर लिहायचं म्हटलं की लोकांना वाटतं, बाई आता धीराच्या आणि सोशिकपणाच्या गोष्टी सांगणार. मी सोशिक नाही. मला राग आला होता, अजूनही येतो. ज्यांना फिट येतात त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना त्या रागाचा काही उपयोग झाला तर बरंच आहे.

मी सुप्याच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. मेंदूवर काम करणारी नवी औषधं शोधायची, हे आमच्या गटाचं काम. आधी कागदावर रेणू आखायचा. इथला तुकडा काढला तर तो रक्तातून मेंदूत शिरेल का, तिथे दुसरा जोडला तर जास्त वेळ टिकेल का, यावर डोकेफोड करायची. मग हूडखाली, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटापाशी उभं राहून तो फ्लास्कमध्ये बनवायचा. बहुतेक रेणू निकामी निघतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा आखायचा. मला या कामाचं वेड आहे. आणि आमचा चालू प्रकल्प कशावर होता? फिट थांबवणाऱ्या औषधावर. हसू नका.

त्या दुपारी मी कॅन्टीनमध्ये ताट घेऊन उभी होते ती एकदम खाली. पुढचं मला मीनलने सांगितलं. मीनल माझ्या शेजारच्या हूडवर काम करते. म्हणाली, आपल्या गटातली झाडून सगळी माणसं तिथे होती. म्हणजे फिट येते तेव्हा मेंदूत काय होतं हे फळ्यावर काढून दाखवतील अशी माणसं. आणि त्यांनी केलं काय? एकाने बाहेरच्या रॅकवरची चप्पल आणून माझ्या नाकाला लावली. दुसरा ओरडला, कांदा फोडा. तिसऱ्याने दातखीळ सोडवायला चमचा घातला. शेवटी मीनलने सगळ्यांना शिव्या घालून लांब केलं आणि मला कुशीवर वळवलं. शुद्धीवर आले तेव्हा नाकाला माती होती आणि तोंडात रक्त. चप्पल कुणाची होती ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.

*

आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आम्हा केडगावकरांच्या तोंडात नगरच बसलंय. तर नगरच्या एका दवाखान्यात मला ॲडमिट केलं, आणि तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा फिट आली. मग तपासण्या सुरू झाल्या. एमआरआयच्या बोगद्यात ठोकाठोक ऐकत पडायचं. डोक्याला वायरी चिकटवून डोळे मिटा, उघडा, मिटा. सकाळी सिस्टर ताप बघायला उठवणार, मग पुसणारी बाई पलंग हलवणार, मग डॉक्टर येणार म्हणून नातेवाइकांना बाहेर काढणार. दिवसभर आपण कुणाच्या तरी वाटेत असतो.

वायरींचा तो चिकट लगदा केसांत वाळून कडक झाला होता. वॉर्डातल्या मावशींनी न सांगता कोमट पाणी आणलं, डोकं धुतलं, विंचरून वेणी घातली. म्हणाल्या, ''बाळा, रडून घे आता, सासू खाली चहाला गेलीय.'' मी रडले. त्या आठवड्यात मला सगळ्यात बरं वाटलं ते तेवढंच.

निदानाच्या दिवशी डॉक्टर मॅडमनी स्क्रीनवर माझा मेंदू दाखवला. त्यात एक छोटासा जुना डाग होता. ''एपिलेप्सी. आपल्याकडे मिरगी म्हणतात,'' त्या म्हणाल्या. ''घाबरू नका. गोळी चुकवायची नाही, झोप चुकवायची नाही, सध्या स्कूटी बंद. पुष्कळ लोक यावर नोकऱ्या करतात, संसार करतात.''

अमोल म्हणजे माझा नवरा. हायस्कुलात भूगोल शिकवतो. त्याचा पहिला प्रश्न काय असावा? ''मॅडम, हे बाहेर कुणाला सांगावं लागतं का?''

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, ''लग्नाच्या आदी हुतं का गं तुला हे? तुझ्या आईनं सांगितलं न्हाई ते.''

मला फिट आली होती, दात तुटला होता, आणि या दोघांना मीच कुणाला तरी फसवल्यासारखं वाटत होतं. त्या खोलीत माझी बाजू घेणारी एकटी डॉक्टर होती, आणि ती परकी होती.

डॉक्टर मॅडमनी आणखी एक विचारलं, ''दुसरं काही औषध? वैद्याचं, झाडपाल्याचं?'' आम्ही सगळे नाही म्हणालो. तेव्हा ते खरंच होतं.

त्या गोळीचा रेणू मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकते. तिच्याच जातीचे कितीतरी रेणू मी बनवून फेकून दिलेत. पण पहिली गोळी तळहातावर आली तेव्हा हात आखडला. ही आत जाऊन माझ्या विचारांना हात लावणार. उद्या मी मीच असेन का? इतकी वर्षं मी अशी औषधं बनवत होते, पण गिळणाऱ्या माणसाला काय वाटतं हा विचार मला कधी शिवला नव्हता.

*

कामावर परत गेले तर माझा हूड दुसऱ्याला दिलेला. मला कागदपत्रांच्या खोलीत एक टेबल मिळालं.

''तुमच्या भल्यासाठीच आहे,'' सर म्हणाले. सर म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे भांडताही येत नाही. ''हूडवर आग असते, ॲसिड असतं. तुम्ही अचानक पडलात तर?''

''मग सोबत कुणीतरी असू द्या ना सर. मीनल शेजारीच असते.''

''सहा महिने बघू. फिट आली नाही आणि काम पूर्वीसारखं वाटलं, तर परत घेऊ.''

आमच्या प्रकल्पाच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये पहिल्या स्लाइडवर एक हसरी बाई असते आणि खाली लिहिलेलं असतं की रुग्णाला पूर्वीचं आयुष्य परत मिळावं हे आमचं ध्येय. अहो, रुग्ण तुमच्या समोर बसलाय! द्या ना परत! पण मी तोंड मिटून घेतलं, कारण मला हूड परत हवा होता. दुसरं काही नको होतं. हूड गेला तर मी काय राहते? डिग्री असलेली कारकून.

तेव्हा घरी मात्र मी चिडायचे. त्या गोळीने काही जणांची चिडचिड वाढते, हे खरं आहे. अमोलने ते मोबाईलवर वाचलं आणि त्याच्या हाती कोलीतच मिळालं. भाजीत मीठ नाही म्हटलं तरी, ''गोळीमुळे होतंय तुला.'' माझी स्कूटी न विचारता त्याच्या भावाला देऊन टाकली म्हणून बोलले तरी, ''बघ, गोळी बोलतेय.'' माझ्या रागाला घरात काही किंमतच उरली नाही.

मग हळूहळू राग कमी झाला. सगळंच कमी झालं. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले की सुपं येईपर्यंत मान पडायची. टेबलावर एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचायचे आणि अर्थ लागायचा नाही. एकदा सरांनी एका रेणूबद्दल विचारलं. माझाच रेणू, मीच आखलेला. मला त्यातल्या अणूंच्या कड्याचं नाव आठवेना. सर म्हणाले, ''असू दे, असू दे.'' ते 'असू दे' मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

रात्री नाही, दिवसाढवळ्या भीती वाटायची. डाग पसरतोय. मेंदू चाललाय. मी डॉक्टर मॅडमना सांगितलं, त्यांनी गोळी थोडी कमी केली, पण सुस्ती तशीच. जिन्यावर तोल जायला लागला. मीनल म्हणाली, ''उज्ज्वला, तू नशा केल्यासारखी बोलतेस गं.'' मी तिच्यावर चिडायला हवं होतं, पण तेवढाही जोर नव्हता.

आत्या त्या दिवसांत माझं फार करायच्या, हेही सांगायला पाहिजे. सकाळ-संध्याकाळ आलं, सुंठ आणि गूळ घालून चहा माझ्या हातात. कडू लागायचा. मी म्हणायचे, तर त्या म्हणायच्या, ''सुंट जास्ती पडली. पी, डोक्याला चांगली असती.'' मी प्यायचे. मला वाटायचं, चला, सून म्हणून नाही तर आजारी म्हणून तरी जीव लावतात.

*

मग आत्या भाचीच्या लग्नाला जामखेडला गेल्या आणि पाहुण्यांत रमून तिकडेच राहिल्या. घरात चहा मीच करायचे. दोन-तीन दिवसांत झोप उडाली, हाताला कंप सुटला, अंगाला घाम. आणि स्वयंपाकघरात फिट आली. एक नाही, लागोपाठ दोन. डोकं ओट्याच्या कडेला लागलं, टाके पडले. गोळी मी एकदाही चुकवली नव्हती!

घरी आणल्यावर मी डोळे मिटून पडले होते. झोपले आहे असं समजून अमोल गॅलरीत फोनवर बोलत होता. ''आई, पुडी संपली होती ना, म्हणून झालं बघ हे. येताना वैद्याकडून जास्तीची घेऊन ये. आता तर सिद्धच झालं, तिला पुडीच लागू पडते. मी म्हणतो त्या गोळ्या बंदच करू.''

मी उठून बसले. ''कसली पुडी?''

त्याचा चेहरा असा झाला, जसा वर्गात चोरून डबा खाताना पकडलेल्या मुलाचा होतो.

जामखेडच्या बाजूला एक वैद्य मिरगीवर पुडी देतो. लांबून लोक येतात, रांगा लागतात. आत्यांनी दवाखान्यातून आल्यावर लगेच मागवली होती. माझ्या चहातून मला देत होते. दोघं मिळून.

''मला न सांगता?''

''सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस.''

''नसतीच घेतली!''

''तेच म्हणतोय. भांडली असतीस. झाडपाल्याचं तर आहे, त्याने काय होतंय? त्या गोळ्या मेंदूवर जातात, सवय लागते म्हणतात. आम्हाला काळजी नाही का तुझी?''

''मेंदूवर जाणारं औषध काय असतं ते तू मला सांगतोस? अरे, मी पोटासाठी तेच करते!''

''हे बघ, आत्ता तू चिडलीस ते गोळीमुळे...''

''नाही,'' मी म्हणाले. ''हा राग माझा आहे. पूर्ण माझा. पुडी कुठाय?''

मसाल्याच्या डब्यामागे एका रिकाम्या कागदाला थोडी चिकटलेली होती. राखाडी, ओव्याचा वास येणारी भुकटी. मी जिभेच्या टोकाला लावली. तीच कडू चव.

*

एक सांगते. मला स्वतःलाही क्षणभर वाटलं होतं की अमोलचं खरं असेल. पुडी होती तेव्हा फिट नव्हती, पुडी गेली आणि फिट आली. सरळ हिशेब. हा हिशेब करणारा प्रत्येक माणूस मूर्ख नसतो. म्हणूनच तर त्या वैद्याचा धंदा चालतो.

पण अचानक बंद केल्यावर उलटून फिट आणणारी एक जुनी गोळी मला माहीत होती. फेनोबार्बिटोन. फिट थांबवते, स्वस्त असते, आणि माणसाला जड, मंद करून ठेवते. डॉक्टर मोजून देतात तेव्हा चांगलं औषध आहे. आमच्या नव्या रेणूंची तुलना करायला लॅबच्या कुलुपातल्या कपाटात त्याचा शुद्ध नमुना ठेवलेला असतो.

मीनलने तो स्वतःच्या नावावर काढून दिला. जेवणाच्या सुट्टीत मी कितीतरी दिवसांनी हूडसमोर उभी राहिले. आम्ही रोज करतो तीच साधी परीक्षा. छोट्या पट्टीवर खाली एका बाजूला शुद्ध औषधाचा ठिपका लावायचा, दुसऱ्या बाजूला पुडीचा. पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीवर थांबतो. मग दिव्याखाली बघायचं.

पुडीतून बरेच ठिपके निघाले, ओवा आणि पाला असणारच. आणि त्यातला एक ठसठशीत ठिपका शुद्ध औषधाच्या अगदी बरोबरीने थांबला होता. दुसऱ्या द्रावणात करून बघितलं, तिथेही तसाच.

''कुणी परवानगी दिली तुम्हाला?'' मागे सर उभे होते. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. ''टाके पडलेत डोक्याला आणि हूडवर? आणि हा नियंत्रित नमुना...''

''सर, डावीकडे आपला नमुना. उजवीकडे माझ्या घरातला चहा.''

सगळं सांगितलं. ते बराच वेळ पट्टी दिव्याखाली धरून उभे होते. मग म्हणाले, ''एका ठिपक्यावरून सिद्ध होत नाही.''

''माहीत आहे मला, सर.''

''मशीनवर घालू. आण ती भुकटी.'' मला एकेरी हाक त्यांनी त्याआधी कधी मारली नव्हती. मशीननेही तेच नाव सांगितलं.

मी बाथरूममध्ये जाऊन आरशात बघितलं आणि मोठ्याने हसले, मग मोठ्याने रडले. मेंदू जात नव्हता! मला कुणीतरी रोज गुंगीत ठेवत होतं, एवढंच. एवढंच!

*

आत्या जामखेडहून आल्या त्या पिशवीत नव्या पुड्या घेऊन. मी त्यांना आणि अमोलला समोर बसवलं आणि सांगितलं.

आत्यांना आधी पटेचना. ''त्यो म्हातारा सोता जंगलात जाऊन मुळ्या आनतो.''

''आणतही असेल. आणि त्यात मेडिकलमधली गोळी कुटून घालतो. ज्या गोळ्यांना तुम्ही भीत होता ना, त्यांतलीच एक. ती रोज किती पडत होती हे तुम्हालाही माहीत नाही आणि त्यालाही नाही.''

आत्यांनी पुड्यांची पिशवी बाजूला सारली. मग हळूच म्हणाल्या, ''मंग म्हनूनच का तू तशी झाल्ती?''

''कशी?''

''लई सुस्त. बोलता बोलता शबुद इसरायची. मला वाटलं, दुखनं वाढलं. एवढी हुशार सून माझी, हिचं डोकं चाललं. म्या वैद्याला फोन केला. त्यो म्हनला, दोन चिमटी टाका. मंग म्या दोन टाकाया लागले.''

मी जेवढी बुडत होते तेवढी त्या मला आणखी बुडवत होत्या, आणि त्यांना वाटत होतं की आपण वर ओढतोय. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला त्यांची दया आली नाही. खोटं कशाला लिहू? मला वाटलं, हे ऐकून मी मऊ व्हावं अशी सगळ्यांची अपेक्षा असणार, आणि मी मऊ झाले नाही. जीव लावता ना? मग विचारा. माझ्या डोक्यात काय घालायचं ते मला विचारा.

अमोल म्हणाला, ''झालं ते झालं. आता बंद करू. डॉक्टरांना कशाला सांगायचं?''

''तूच सांगायचं. मी शेजारी बसणार आणि तू सांगायचं.''

त्याने सांगितलं. मान खाली घालून, पण सांगितलं. डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं, तिथेही तेच औषध निघालं. त्या चिडल्या नाहीत याचा मला थोडा रागच आला. म्हणाल्या, असे पेशंट त्यांच्याकडे येत असतात. आणि मग जे म्हणाल्या ते ऐकून मी टेबलावर हात आपटला. ते औषध एकदम थांबवता येणार नव्हतं. शरीराला त्याची सवय झाली होती. आता तेच औषध मोजून, गोळीच्या रूपात, थोडं थोडं कमी करत घ्यायचं. ज्याने माझं डोकं माझ्याकडून काढून घेतलं होतं, तेच मी आता स्वतःच्या हाताने काही महिने गिळायचं! गिळलं. आठवड्या-आठवड्याने धुकं उतरल्यासारखं एकेक शब्द परत आला.

हूड परत मिळाला. सोबत कुणी असल्याशिवाय काम करायचं नाही, या अटीवर. अट मला मान्य आहे, हीच तर मी पहिल्या दिवशी मागितली होती. मेंदूतला डाग आहे तिथेच आहे आणि रोजची गोळी चालू आहे. चहा मी माझा करते. अमोलशी बोलते, हसतेही, पण त्याने दिलेला कप मी अजून हातात घेत नाही. तो म्हणतो, किती दिवस? मी म्हणते, माहीत नाही.

वैद्याबद्दल आम्ही सरकारी दवाखान्यात आणि औषध खात्यात कळवलं. त्याची रांग अजून लागते असं ऐकते.

परवा आत्यांना जामखेडहून त्यांच्या चुलतबहिणीचा, कमल मावशींचा फोन आला. लग्नात या दोघी पुडीबद्दल बोलल्या होत्या, आणि मावशींच्या नातीलाही तीच चालू होती. आत्या जोरात म्हणाल्या, ''त्यात डाक्टरचीच गोळी कुटल्याली असती. आमच्या उज्ज्वलानं तपासलीया. माझं नको ऐकू, तिच्याशी बोल.'' आणि फोन माझ्या हातात दिला.

''काय गं बाई, हे खरंय व्हय?'' मावशी घाईघाईने म्हणाल्या. ''पोरीला बरी लागू हाय. नुसती झोपती, शाळेत ध्यान न्हाई म्हनत्यात. आसं आसंल तर ऱ्हाऊंदे. आजपसून बंद. आत्ताच चुलीत टाकते.''

''टाकू नका!'' मी ओरडले. आत्या दचकल्या. ''मावशी, ऐका. पुडी फेकायची नाही आणि एकदम बंद करायची नाही. उद्या पोरीला घेऊन नगरला या, पुडीसकट. मी डॉक्टरांकडे थांबते.''

''आन् आज? आज द्यायची का न्हाई?''

मी डोळे मिटले. माझ्या मनात काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

''आज द्या,'' मी म्हणाले. ''रोज देता तेवढीच.''

फोन ठेवला, ओट्यावर मूठ आपटली, आणि डॉक्टर मॅडमचा नंबर लावला.